छपराखालचा आइसलँड

27 जून 2016 रोजी युरो फुटबॉल स्पर्धेत नीसच्या मैदानावर आइसलँडने इंग्लंडला 2-1 असं हरवलं आणि जगाने त्याला चमत्कार म्हटलं. तेव्हा साडेतीन लाखांहूनही कमी वस्ती असलेलं बेट! पण हाच संघ 1967 मध्ये कोपनहेगनला डेन्मार्ककडून 14-2 असा सडकून मार खाऊन परतला होता. मधल्या काळात बदललं ते छप्पर. हिवाळ्यात बर्फामुळे मैदानं बंद पडत. 2000 साली केफ्लाविकला पूर्ण आकाराचं बंदिस्त मैदान उभं राहिलं, मग इतरत्रही अशी मैदानं झाली. लहान मुलांनाही परवानाधारक प्रशिक्षक मिळू लागले.

कुणी म्हणेल, ही एका गुणी पिढीची पुण्याई. 2018 च्या विश्वचषकात अर्जेंटिनाला 1-1 असं रोखल्यावर पुरुष संघ पुन्हा मोठ्या स्पर्धेत दिसलाच कुठे? आक्षेप निम्मा खरा आहे. एवढ्याशा वस्तीत दरवर्षी सिगुर्डसनसारखा खेळाडू कसा निपजणार? पण नुसतं नशीबच असतं, तर त्याच व्यवस्थेतला महिला संघ 2009 पासून 2025 पर्यंतच्या पाचही युरो स्पर्धांना पात्र ठरला नसता.