खळ्यातली मेढ



आज आपण एका साध्या गोष्टीविषयी बोलू. आपण ख्रिस्ती माणसे. रविवारी उपासनेला जातो. गीते गातो, प्रार्थना करतो, दानाच्या थैलीत चार पैसे टाकतो. हे चांगलेच आहे. पण सोमवारी सकाळी काय? सोमवारी आपला देव कुठे असतो?

आपल्या नांदेड-लातूर भागात पूर्वी ज्वारीची मळणी बैलांनी होत असे. आता मळणीयंत्र आले. तरी वयस्कर मंडळींना खळे आठवत असेल. जमीन चोपून, शेणाने सारवून खळे करायचे. मधोमध लाकडाची मेढ रोवायची. मेढीला बैल बांधून पात धरायची. बैल मेढीभोवती फिरत, कणसे तुडवत, दाणे मोकळे होत. ती मेढ कुणी खळ्याच्या कडेला रोवली असती तर? बैलांना फिरताच आले नसते. कणसे तशीच पडून राहिली असती.

आपल्यातल्या पुष्कळांनी देवाची मेढ अशीच कडेला रोवली आहे. रविवार देवाचा आणि सहा दिवस आपले. देऊळ देवाचे, शेत, मोंढा, चूल आणि पाणवठा आपला. मग जीवनाची मळणी कशी व्हावी?

कुणी म्हणेल, "आम्ही कष्टाची माणसं. दिवसभर प्रार्थना करत बसलो तर खायचं काय?" खरे आहे. पण देवाला मधोमध ठेवणे म्हणजे काम सोडून बसणे नव्हे. प्रभु येशूनेही नासरेथ गावी सुतारकाम केले. उपदेशाला आरंभ केला तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. देव कामाच्या आड येत नाही. तो कामाच्या आत येतो.

पवित्र शास्त्र उघडून पाहा. त्यात नुसत्या स्वर्गाच्या गोष्टी नाहीत. देव आपल्या खळ्यातही उतरला आहे. अनुवाद नावाच्या पुस्तकात आज्ञा आहे, की मळणीच्या बैलाला मुसके बांधू नये. जो राबतो त्याने चार घास खावेत. लेवीय नावाच्या पुस्तकात सांगितले आहे, की शेताच्या कडेपर्यंत सगळे पीक कापून नेऊ नये. राहिलेला सरवा गरिबाला व परक्याला वेचू द्यावा. याच नियमामुळे रूथ नावाच्या परदेशी विधवेचे आणि तिच्या सासूचे पोट भरले. त्याच पुस्तकात खऱ्या तराजूची आणि खऱ्या मापाची आज्ञा आहे. आणि मजुराची मजुरी रात्रभर ठेवून घेऊ नये, असेही तिथेच लिहिले आहे.

या मजुरीच्या आज्ञेचाच विचार करू. सोयाबीनची काढणी चालू आहे. बाया दिवसभर वाकून कापतात. संध्याकाळी मालक म्हणतो, "आज सुटे नाहीत, बाजारच्या दिवशी बघू." मालकाला ती दोन दिवसांची गोष्ट वाटते. पण त्या बाईच्या घरी पीठ नसते. ती दुकानावर उधार घेते. दुकानदार चढा भाव लावतो. लेकरे उशिरा जेवतात. मालक रात्री जेवणाआधी डोळे मिटून देवाचे आभार मानतो. सांगा बरं, त्या घरात देव मधोमध आहे काय? अनुवादात म्हटले आहे, की सूर्य मावळण्याआधी मजुरी द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशात लागलेला असतो. देवाला मजुराच्या चुलीची काळजी आहे. आपण त्याची लेकरे, मग आपल्यालाही ती असावी.

आपण मजूर असलो तर? तर मालक बांधावर नसतानाही काम चोख करावे. आपण मोंढ्यात मापाडी असलो तर काटा सरळ धरावा. आपण दुकान चालवत असलो तर निरक्षर माणसाच्या खात्यावर एक आकडाही जास्त लिहू नये. आता तुम्हाला वाचता येते. ज्याला येत नाही, त्याच्याशी तुम्ही कसे वागता, हे देव पाहतो.

पाण्याचेही तसेच. २०१६ सालच्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तशा दिवसांत टँकर आला की भांडणे होतात. धट्टीकट्टी माणसे पुढे घुसतात. म्हातारी घागर घेऊन मागे राहते. ज्याच्या जीवनात देव मधोमध आहे, तो तिची घागर आधी भरू देतो. ती कोणत्या जातीची, कोणत्या धर्माची, हे तो विचारत नाही.

कुणी म्हणेल, "असं वागलं तर तोटा होईल." हो, कधी होईलही. देवाला मानणाऱ्याच्या शेतावर गारा पडत नाहीत, असे नाही. १९९३ साली किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा धरणीने भक्त आणि अभक्त असा भेद केला नाही. देव हा नफ्याचा सौदा नव्हे. पण मेढ घट्ट असली की संकटात माणूस भरकटत नाही. तो खोट्याकडे आणि दारूकडे वळत नाही. तो उठून शेजाऱ्याला हात देतो.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण पाहा. त्या १८५८ साली जन्मल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो निराधार मुली आणि बाया पुणे जिल्ह्यात केडगावला आणल्या. तिथल्या मुक्ती आश्रमात प्रार्थना होई. तिथेच शेती, विणकाम आणि छापखानाही चाले. प्रार्थना एकीकडे आणि काम दुसरीकडे, असे तिथे नव्हते. साध्या बायांना समजावे म्हणून रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर केले. त्या १९२२ साली वारल्या. पूर्ण बायबल १९२४ साली छापून झाले. आश्रमातल्या बायांनीच छपाईचे खिळे जुळवले. ज्या हातांना दुष्काळात कुणी भाकर दिली नव्हती, त्याच हातांनी देवाचे वचन छापले.

तर आपण काय करावे? सकाळी कामाला निघताना दोन शब्दांत म्हणावे, "देवा, आज माझ्याबरोबर चल." संध्याकाळी दिव्याजवळ बसून शुभवर्तमानातल्या चार ओळी मोठ्याने वाचाव्यात. अडखळलात तरी चालेल. घरच्यांना ऐकू द्यावे. पुरुषांनी आधी ऐकावे आणि मग बायकोशी व लेकरांशी त्याप्रमाणे बोलावे. मारझोडीच्या घरात प्रार्थना शोभत नाही.

आणि एक काम रविवारपर्यंत थांबवू नये. प्रभु येशूने सांगितले आहे, की वेदीपाशी दान आणलेस आणि भावाचे तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर. आपल्यावर कुणाची मजुरी बाकी असेल, कुणाचा बांध कोरला असेल, कुणाशी अबोला असेल, तर आजच त्याच्या दारी जाऊ. पैसे देऊ. बांध मागे सारू. आधी आपण बोलू.

आपल्या भागात ख्रिस्ती घरे थोडी आहेत. शेजारी आपले पुस्तक वाचत नाहीत, आपले वागणे वाचतात. ते वाचन त्यांना गोड लागावे, अशी बुद्धी देवबाप आपल्या सर्वांना देवो.