एक अक्षर सांग

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा आग्रह होता की, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलावं. त्यावर तुम्ही रोजच ऐकता. म्हणून मी विषय निवडला आहे पेपरातलं रोजचं शब्दकोडं, आणि ते अडलं की मदत कशी मागावी, कशी द्यावी. विषय छोटा आहे, पण गेली दोन वर्षं आमच्या घरात तो फार मोठा झाला आहे.

हा खेळ मूळचा आपला नाही. २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात आर्थर विन यांनी पहिलं आधुनिक शब्दकोडं छापलं. पण मराठीत आल्यावर त्याचा स्वभाव बदलला. इंग्रजी कोड्यात एका चौकोनात एक सुटं अक्षर असतं. आपण काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर यांसकट अख्खं अक्षर एका चौकोनात बसवतो. 'विद्यार्थी' हा शब्द आपल्याला तीन चौकोनांचा: वि, द्या, र्थी. संगणकाच्या युनिकोडमध्ये मात्र त्याची १० चिन्हं होतात. त्यामुळे मराठी कोड्याचा प्रोग्रॅम लिहायचा तर आधी संगणकाला 'अक्षर म्हणजे काय' हे शिकवावं लागतं. आपल्याला ते बाईंनी पहिलीतच शिकवलं होतं.

याचा एक फायदा आहे. इंग्रजीत एखादं अक्षर मिळालं तरी फारसं काही कळत नाही. मराठीत तीन चौकोन आणि शेवटी 'र्थी' एवढं मिळालं, तर विद्यार्थी, लाभार्थी असे मोजकेच शब्द उरतात. आपल्याकडे एक अक्षर ही मोठी मदत असते.

आता घरातलं सांगते. माझी आई ७४ वर्षांची आहे, इथेच आपल्या गावात राहते. बाबा गेल्यापासून एकटी. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तिच्या हातचे पोहे खाल्ले आहेत. कोडं सोडवणं हा तिचा चाळीस वर्षांचा नेम. दोन वर्षांपूर्वी तिचे शब्द हरवायला लागले. 'किसणी' आठवेना, 'ते आपलं खोबऱ्याचं' म्हणायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, कोड्याने विसरणं थांबणार नाही. पण जे आवडतं ते चालू ठेवा. तेव्हापासून रोज सकाळी साडेसातला तिचा मला पुण्याला फोन येतो. पहिल्याच आठवड्यात तिने नियम घालून दिला, "उत्तर सांगू नकोस. एक अक्षर सांग."

मदतीची साधनं माझ्याकडे भरपूर आहेत. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला. तो आणि मोल्सवर्थचा कोश, दोन्ही आता शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. छापील कोश पहिलं अक्षर माहीत असेल तरच उपयोगी. शेवटचं किंवा मधलं अक्षर हाती असेल, तर संगणकाला विचारावं. आणि फोनला विचारलं तर तो दोन सेकंदांत अख्खा शब्द देतो. पण आईला शब्द नको असतो, तो शोधायची संधी हवी असते. शब्द आयता आला की चौकोन भरतात आणि तिचं शोधणं तिथेच संपतं.

म्हणून आमच्या पायऱ्या ठरल्या आहेत. आधी मी तिला सूचना पुन्हा मोठ्याने वाचायला लावते. मग, "त्याला छेदणारा उभा शब्द आला का?" तरी अडलं तर शेवटचं अक्षर. पहिलं अक्षर अगदी शेवटी, कारण ते मिळालं की शब्द बहुधा आपोआप जिभेवर येतो. आणि तरीही नाहीच आला, तर उसासा न टाकता शब्द सांगून पुढे जायचं.

कधी अडचण आठवणीची नसतेच. एकदा आडवा शब्द होता 'सूर्य', दोन चौकोन. तिने लिहिलं 'रवि'. उभा शब्द होता 'विठोबा हिच्यावर उभा', तोही दोन चौकोन. 'वीट' तिला येत होतं, पण 'वि' जुळेना. तिची प्राथमिक शाळा १९६२च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीची; तिच्या हाताला 'रवि', 'कवि' हेच वळण. मी म्हटलं, "आई, आता रवीची वेलांटी दुसरी असते." ती म्हणाली, "म्हणजे मी बरोबर होते, नियम बदलला." त्या दिवशी तिचा आवाज वेगळाच होता.

मला कामामुळे फोन घेता येत नाही, तेव्हा ती पेपर घेऊन बसस्टँडजवळच्या औषधाच्या दुकानात जाते. ते दुकान आपल्याच वर्गातल्या एका मित्राचं. नाव घेतलं तर तो रागावेल. गिऱ्हाईक थांबवून तो सांगतो, "काकू, शेवटी 'ळ' आहे बघा." अख्खा शब्द त्यानेही कधी सांगितला नाही. गेल्या पावसाळ्यात दुकानातून परतताना ती रस्ता चुकली. घराकडे वळायच्या ऐवजी स्टँडच्या दिशेने चालू लागली. त्याने पाहिलं, शटर अर्धं ओढलं आणि छत्री धरून तिला घरी पोचवलं. वाटेत राहिलेला शब्द तिच्याकडूनच काढून घेतला. मला फोन केला तो त्यानंतर. पहिलं वाक्य होतं, "काकू घरी आहेत, कोडं पूर्ण झालंय."

आपल्यापैकी निम्मे तरी बाहेरगावी आहोत, आणि आईवडील इथे आहेत. त्यांना पैसे, औषधं, डॉक्टर आपण लांबून पुरवू शकतो. एक अक्षर सांगायला मात्र जवळचं माणूस लागतं. म्हणून माझी एक सूचना आहे. आज जेवणानंतर एक यादी करू. एका बाजूला गावात एकटे राहणारे आईवडील, दुसऱ्या बाजूला त्यांच्या गल्लीत किंवा जवळपास राहणारा आपला वर्गमित्र किंवा मैत्रीण. आठवड्यातून एकदा दारावर टकटक, एवढंच. आणि आपण बाहेरगावच्यांनी गावातल्यांच्या मुलांची नोकरीची, प्रवेशाची, राहायची अडचण आपली समजायची. पुण्यातली पहिली तीन नावं माझ्याकडे द्या.

बाईंना एवढंच सांगते: तुम्ही कधी आम्हाला आयतं उत्तर दिलं नाही. "'सु'पासून सुरू होतं, बस आणि विचार कर," म्हणायचात. तेव्हा राग यायचा. आता रोज सकाळी साडेसातला तुमचीच पद्धत वापरते.