नव्या पाळकाचा परिचय

पुण्याच्या गुरुवार पेठेतील पवित्र नाम देवालय, लोकांच्या तोंडी पंचहौदाचे देऊळ, १८८५ सालचे. आरंभी तेथे इंग्लंडातील काउली संघाचे पाद्री असत. १९७० साली अँग्लिकन मंडळ्या उत्तर भारतीय मंडळीत विलीन झाल्या. बिशपची सत्ता मात्र राहिली. अमेरिकेतील एपिस्कोपल मंडळी आपला रेक्टर स्वतः निवडते व बिशपची संमती घेते. इकडे बिशपच पाळक धाडतो, जणू सरकारी बदलीच! न निवडलेल्या मनुष्यास आपला म्हणावयाचे, ही पहिल्या रविवारची खरी अडचण. नेमणुकीच्या पत्रातील पदव्यांनी ती सुटत नाही. मध्यरात्री आजाऱ्याकडून बोलावणे गेले तर हा गृहस्थ येईल काय? त्याचे मराठी म्हाताऱ्यांस उमगेल काय? परिचय करून देणाऱ्याने म्हणून स्तुती आवरावी आणि उपासना संपताच पाळकास दाराशी उभे करून एकेका कुटुंबाचे नाव त्यास सांगावे.