विक्रीची विद्या
(जुबिलीच्या वर्षी तरुणांच्या व पालकांच्या सभेत केलेले भाषण)



जुबिलीच्या सभेत धर्मगुरूने पूर्वजांचे स्मरण करावे, देवाचे आभार मानावे आणि आशीर्वाद देऊन खाली बसावे, असा प्रघात आहे. आज तो प्रघात मी थोडा मोडणार आहे. मला एका चुकीची कबुली द्यावयाची आहे, आणि ती चूक माझी स्वतःची आहे.

काही वर्षांपूर्वी बारावी झालेला एक तरुण माझ्याकडे शिफारसपत्र मागावयास आला. गुण मध्यम, घरची स्थिती बेताची, आई भाजीची टोपली घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईस जाणारी. त्यास एका कम्युनिटी कॉलेजात मार्केटिंगचा, म्हणजे विपणनाचा, अभ्यासक्रम घ्यावयाचा होता. मी हसलो. म्हणालो, "अरे बाळा, विकण्याची विद्या ती काय शिकावयाची? तुझी आई वीस वर्षे भाजी विकते आहे. ती कोणत्या कॉलेजात गेली होती? चांगली पदवी घे आणि एखाद्या कचेरीत लाग." "फादर, तुम्ही म्हणाल तसे," इतकेच तो बोलला. माझ्या शब्दाखातर त्याने पदवीच्या वर्गात दोन वर्षे घालविली. दोन्ही वेळा तो नापास झाला, आईने साठविलेला पैसा संपला, आणि अखेरीस मला न विचारता तो त्याच कम्युनिटी कॉलेजात गेला. ती दोन वर्षे मी त्यास परत देऊ शकत नाही. निदान तुमच्यापैकी कोणाची वर्षे अशी वाया जाऊ नयेत, एवढ्याचसाठी आजचे हे चार शब्द.

प्रथम, कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय ते पाहू. १९०१ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, जोलिएट ह्या गावी, तेथील हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन व शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर ह्यांच्या पुढाकाराने अवघ्या सहा विद्यार्थ्यांनिशी असे पहिले सरकारी कॉलेज सुरू झाले. दूर जाऊन विद्यापीठात राहण्याचा खर्च ज्यांस झेपत नाही, त्यांनी घरी राहून पहिली दोन वर्षे शिकावे, हा त्याचा हेतू. पुढे १९४७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन ह्यांनी नेमलेल्या आयोगाने अशी कॉलेजे देशभर काढावीत अशी शिफारस केली, आणि कम्युनिटी कॉलेज हे नाव रूढ झाले. तेथे दिवसा राबणारी माणसे संध्याकाळच्या वर्गास बसतात. दोन वर्षांनी कोणी नोकरीस लागतो, तर कोणी विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात प्रवेश घेतो. त्यात कमीपणा कोणी मानीत नाही.

आपल्या देशात १९९५ साली पाँडिचेरी विद्यापीठाने, आणि त्यापाठोपाठ १९९६ साली मद्रास-मैलापूर महाधर्मप्रांताने अशी कॉलेजे काढली. येशूसंघीय फादर झेव्हियर अल्फान्स ह्यांनी ही कल्पना प्रांतोप्रांती नेली. शाळा अर्ध्यावर सुटलेला, परीक्षेत मागे पडलेला, पैशाने दुबळा असा जो तरुण, त्याच्यासाठी हा दरवाजा उघडला गेला. २०१३ साली विद्यापीठ अनुदान आयोगानेही अशा कॉलेजांची योजना हाती घेतली, आणि २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या मार्गावर एका वर्षानंतर प्रमाणपत्र व दोन वर्षांनंतर पदविका घेऊन थांबण्याची, व पुढे पुन्हा शिकू लागण्याची, मुभा मान्य केली. ज्या मार्गास मी आडवाट समजत होतो, तो माझ्याच ख्रिस्तसभेच्या माणसांनी खपून तयार केला होता!

आता मूळ प्रश्नाकडे वळू. विकण्याची विद्या शिकावयाची ती काय? ह्याचे उत्तर मला त्या तरुणानेच पुढे दिले. त्याच्या शिक्षकाने पहिल्याच महिन्यात त्यास सांगितले, "आठवडाभर वही घेऊन आईजवळ बाजारात बस." त्याप्रमाणे तो बसला. नोत्रदाम ह्या अमेरिकेतील कॅथोलिक विद्यापीठात शिकविणारे जेरोम मॅकार्थी ह्यांनी १९६० साली आपल्या ग्रंथात विपणनाची चार अंगे सांगितली: माल, मोल, ठिकाण आणि प्रसिद्धी. पुस्तकातील ही चारही अंगे त्या मुलास आईच्या टोपलीत सापडली.

कोणत्या बाईस कोवळी तोंडली लागतात, कोणाकडे शुक्रवारी अळू जाते, हे आईस तोंडपाठ होते. हे मालाचे ज्ञान. गिऱ्हाइकास ती नावाने हाक मारी आणि किडके वांगे स्वतःच बाजूला काढी. म्हणून गिऱ्हाईक परत येई. ह्याहून मोठी प्रसिद्धी कोणती? परंतु मोलाच्या बाबतीत ती माउली अंधारात होती. बी-खत, गाडीभाडे, हमाली आणि संध्याकाळी फेकावा लागणारा माल हे सर्व वहीत मांडल्यावर असे दिसून आले की अळूच्या जुड्या टोपलीत सर्वांत अधिक जागा अडवीत आणि त्यांतून हाती जवळजवळ काहीच उरत नसे. वीस वर्षे ती हा भार डोक्यावर वाहत होती! राहिले ठिकाण. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला. म्हणजे समितीच्या आवाराबाहेर शेतकऱ्याने आपला माल थेट विकण्यास आता आडकाठी नाही. मुलाने दोन गृहसंकुलांत विचारणा केली आणि आठवड्यातून दोन दिवस आगाऊ मागणीप्रमाणे भाजी नेण्याचे ठरविले. आईची पहाटेची गाडी दोन दिवस तरी चुकली.

मोत्याच्या दृष्टान्तावर मी कितीदा प्रवचन केले असेल! तथापि मोती ओळखणारा तो मनुष्य व्यापारी होता, आणि मोत्याची पारख त्यास त्याच्या धंद्यानेच शिकविली होती, ही गोष्ट त्या मुलाची वही पाहीपर्यंत माझ्या ध्यानात आली नव्हती. फिलिप्पै नगरात संत पौलाचा उपदेश ऐकून बाप्तिस्मा घेणारी आणि त्यास आपल्या घरी ठेवून घेणारी लुदिया ही जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी स्त्री होती. मुलींनी बाजारात पडू नये, असे म्हणणाऱ्यांनी तिचे स्मरण ठेवावे.

परंतु ह्या विद्येत एक धोका आहे, आणि तो लपविणे मला शोभणार नाही. शिक्षण संपल्यावर त्या तरुणास एका दुकानात पहिली नोकरी लागली. तिसऱ्या महिन्यात मालकाने त्यास मुदत संपलेल्या डब्यांवर नव्या चिठ्ठ्या लावावयास सांगितले. त्याने नकार दिला व त्याची नोकरी गेली. त्या रात्री तो माझ्याकडे आला. म्हणाला, "फादर, तुम्ही म्हणत होता तेच खरे का? हा धंदा खोट्याचाच का?" मी त्यास म्हणालो, "नाही रे. खोटे बोलावयास विद्या लागत नाही. खरे सांगून माल खपवावयास मात्र लागते." १९९७ साली रोमहून जाहिरातीच्या नीतीवर एक पत्रक प्रसिद्ध झाले. त्यात तीन कसोट्या दिल्या आहेत: सत्य, मनुष्याची प्रतिष्ठा आणि समाजाप्रती जबाबदारी. देशाचा कायदाही आता गप्प नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तथापि दंडाच्या भीतीने जो खरे बोलतो त्याच्यापेक्षा, किडके वांगे आपण होऊन बाजूला काढणारी आई मला अधिक मोठी गुरू वाटते. त्या तरुणास पाच महिन्यांनी दुसरीकडे काम मिळाले. ते पाच महिने त्या घरास जड गेले, हेही मी सांगितले पाहिजे.

पालकांनो, आता थोडे व्यवहाराचे. कोठेही प्रवेश घेण्यापूर्वी पाच प्रश्न विचारा. अभ्यासक्रमास कोणाची मान्यता आहे? वर्गाबाहेर प्रत्यक्ष कामाचे दिवस किती? मागील वर्षीची मुले आज कोठे काम करतात? येथील गुण पुढे पदवीस धरले जातात काय? आणि एकूण खर्च किती? जेथे ह्या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळत नाहीत, तेथून परत फिरा. दूरच्या मोठ्या नावासाठी वाडी विकू नका. तरुणांनो, नुसते बोलण्याचे चातुर्य म्हणजे विपणन नव्हे. त्यात हिशेब आहे, गिऱ्हाइकाचे ऐकून घेणे आहे, आणि दिवसाचे दहा नकार पचविणेही आहे. ज्यास हे सोसत नाही त्याने दुसरी वाट धरावी. त्यातही कमीपणा नाही.

शेवटी एक मागणे. १९१८ साली ह्याच वसईत मॉन्सिन्योर पी. जे. मोनिस ह्यांच्या पुढाकाराने बॅसीन कॅथोलिक सहकारी बँकेचा पाया घातला गेला. पैसा कसा राखावा व कर्ज कसे फेडावे, हे त्या पिढीने आपणांस शिकविले. पिकविलेला माल योग्य मोलाने व सचोटीने कसा विकावा, हे शिकण्याची पाळी आता आपली आहे. आपल्या धर्मग्रामात दुकानदार आहेत, दूधवाले आहेत, फुले व केळी पाठविणारे बागायतदार आहेत. त्यांपैकी प्रत्येकाने ह्या जुबिलीच्या वर्षी एका विद्यार्थ्यास आपल्या गल्ल्याजवळ महिनाभर बसवून घ्यावे व आपला हिशेब त्यास उघडा करून दाखवावा. वर्गात जे शिकविता येत नाही ते तो तेथे शिकेल.

आणि शिफारसपत्र हवे असेल त्याने माझ्याकडे अवश्य यावे. ह्या वेळी मी हसणार नाही; आधी त्याचे म्हणणे ऐकून घेईन. परमेश्वर आपणां सर्वांच्या श्रमांस यश देवो.