शब्द तेच, साज नवा



गंगाखेडच्या संत जनाबाई म्हणजे आपल्या घरच्याच.
त्यांचे अभंग आपण दिंडीत ऐकले,
काकड्याला ऐकले.

आता संतांचे अभंग गिटारवरही ऐकू येतात.
मुंबईत ‘अभंग रिपोस्ट’ नावाचा बँड आहे.
ही मंडळी गिटार आणि ड्रम्स घेऊन अभंग गातात.
शब्द तेच, साज नवा.

हे जमतं कसं?
भजनी ठेका आठ मात्रांचा.
रॉकची चाल बहुतेकदा चारची.
चार दुणे आठ!
म्हणून मृदंगाच्या जागी ड्रम आला,
तरी टाळाची लय मोडत नाही.
मला तर यातली सगळ्यात मोठी गंमत हीच वाटते.

अशी माणसं दूर इटलीतही आहेत.
तिथल्या सालेंतो भागात 1975 साली एक गट उभा राहिला.
‘कान्झोनिएरे ग्रेकानिको सालेंतिनो’ हे त्याचं नाव.
नाव लांबलचक आहे,
पण वाद्य ओळखीचं.
चामडं ताणलेलं गोल कडं,
कडेला किणकिणणाऱ्या चकत्या.
अगदी आपल्या खंजिरीसारखं!
त्यावर ते ‘पिझ्झिका’ हे गावाकडचं नाचाचं संगीत वाजवतात.
जगभरच्या रंगमंचांवर वाजवतात.
तिथेही तेच.
गाणं जुनं, साज नवा.

मंडळी, तुमच्या गावात भजनी मंडळ असेलच.
गल्लीत एखाद्या पोराकडे गिटारही असेल.
त्याला एकादशीच्या भजनाला बोलवा.
आधी ठेका नीट ऐकू द्या,
मग तारा छेडू द्या.
आणि पहिला अभंग
आपल्या जनाबाईंचा घ्या.