कोकण रेल्वेचा गौरव आणि त्याचे मोल
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आज ज्या विद्यार्थ्यांचा येथे सत्कार झाला, त्यांत स्थापत्यशास्त्र शिकणारे काही जण आहेत. त्यांच्यासाठी, पारितोषिक मिळविणाऱ्या एका बांधकामाविषयी चार शब्द बोलावे असे आम्ही योजिले आहे.

रत्नागिरीजवळ पानवल नदीवर कोकण रेल्वेचा पूल आहे. (पनवेल शहराशी त्याचा संबंध नाही, नामसादृश्यामुळे पुष्कळांची फसगत होते.) लांबी ४२४ मीटर, उंची ६४ मीटर. इतक्या खोल दरीत तळापासून परांच्या बांधणे दुष्कर. म्हणून पुलाचा वरचा भाग दरीच्या काठावरच तुकड्यातुकड्याने ओतला आणि प्रचंड जॅक लावून खांबांवरून पुढे पुढे ढकलीत नेला. भारतात ही रीत प्रथम येथेच योजिली गेली. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या भारतातील शाखेने या पुलास गौरविले, ते सर्वथा यथायोग्यच होय.

परंतु पूल म्हणजे रेल्वे नव्हे. १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, तेव्हा रोह्यापासून मंगळूरच्या परिसरापर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा डोंगर-दऱ्यांचा मुलूख त्याच्यापुढे पसरला होता. श्री. ई. श्रीधरन यांनी हा मार्ग सात विभागांत वाटला, प्रत्येकावर मुख्य अभियंता नेमला आणि जागच्या जागी निर्णय घेण्याचा अधिकार त्याला दिला. प्रत्यक्ष बांधकाम कंत्राटदारांचे. आखणी, देखरेख आणि जबाबदारी महामंडळाची. कचेऱ्यांतून उलटी चालणारी घड्याळे लावली होती. किती दिवस गेले हे नव्हे, किती उरले हे ती सांगत. सरकारी कामाविषयीची आपली कल्पना पाहता हा प्रकार काहीसा अद्भुतच म्हणावा लागेल! २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग जोडला गेला.

कातळातून बोगदे काढणे यंत्रांनी साधले. खरी कसोटी लागली ती मऊ, पाणथळ मातीत. गोव्यात पेडण्याच्या बोगद्यात माती खोदावी आणि ती वरून पुन्हा ढासळावी, असे वर्षानुवर्षे चालले. या मार्गाच्या उभारणीत ७० हून अधिक माणसांनी प्राण गमावले. त्यांची नावे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक असतील? आम्हांसही ठाऊक नाहीत, हे लज्जेने सांगतो. कित्येकांच्या वडिलार्जित जमिनी व बागा या मार्गासाठी गेल्या, हे येथील अनेक कुटुंबांना सांगावयास नको.

आणि मार्ग पुरा झाल्यावरही परीक्षा संपली नाही. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरड रुळावर आली, तीवर गाडी आदळली आणि ५० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. पुढल्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, महाडच्या बाजूस दुसरी गाडी अशाच दगडामुळे घसरली. पूल अभंग होते, बोगदे शाबूत होते. चुकला होता तो कापलेल्या डोंगराचा अंदाज. त्यानंतर उतार अधिक तिरपे केले, पोलादी जाळ्या बसविल्या, गस्त वाढविली, पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी केला. या कामाला कोणी ढाल दिल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आमच्या मते मात्र पुलाहून हे काम तसूभरही कमी प्रतीचे नाही. ते आधीच झाले असते तर, हा विचार मनातून जात नाही.

पूर्वी आपली वडील मंडळी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जात. आता श्रावण-भाद्रपदात आगगाडी सावकाश चालली की आपण घड्याळ पाहून कुरकुरतो. त्याच वेळी बाहेर मुसळधार पावसात गस्तीवाला रुळावरून चालत असतो.

कार्यकारी मंडळास एक विनंती आहे. या विद्यार्थ्यांची एक सहल रत्नागिरीस न्यावी. त्यांना पानवलचा पूल दाखवावा आणि रेल्वेची परवानगी मिळाल्यास जाळ्या लावलेला एखादा डोंगरउतारही दाखवावा. खर्चाचा काही भार उचलण्यास आम्ही आनंदाने तयार आहोत.