तीन वर्षांच्या लेकराला लागतं तरी काय?

आटपाडीच्या बचत गटांच्या कामातून आम्ही तुमच्याशी बोलतोय. आज बोलायचंय ते आपल्या घरातल्या सहा वर्षांच्या आतल्या लेकरांबद्दल.

मे-जून आला की गटाच्या बैठकीत एक मागणी हमखास येते. "पोराला नर्सरीत घालायचंय, कर्ज पाहिजे." पोरगं असतं तीन वर्षांचं. फी, गणवेश, गाडीभाडं मिळून समजा वीस हजार रुपये लागले आणि शेकडा दोन रुपये व्याजानं गटातून उचलले. मुद्दल वर्षभर तसंच राहिलं तर नुसतं व्याजच ४,८०० रुपये होतं. एवढ्यात घरात एक करडू येतं.

या मागणीमागची तळमळ खरी आहे. टँकरच्या पाण्यावर दिवस काढलेल्या बाईला वाटतं, आपलं पोरगं तरी मागं राहू नये. आपल्याकडची कितीतरी कुटुंबं गलाईच्या धंद्यासाठी परमुलखात गेलीत. सुट्टीला आलेली त्यांची पोरं इंग्रजी बोलताना ती बघते. लेकरू तिचं, निर्णयही तिचाच. पण अंगठा उठवण्याआधी, सही करण्याआधी एक प्रश्न विचारावा. तीन वर्षांच्या लेकराला लागतं तरी काय?

यावर जगभर अभ्यास झालाय. आपल्या देशाच्या २०२० सालच्या शैक्षणिक धोरणात लिहिलंय की मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते. म्हणजे पोरगं पहिलीत जाईपर्यंत बराचसा पाया भरून झालेला असतो. हा पाया भरायला पोटभर सकस खाणं लागतंच. त्याच्या जोडीला दोन गोष्टी लागतात, बोलणं आणि खेळणं. बाळ हुंकार देतं, आई उत्तर देते. बाळ बोट दाखवतं, आजी म्हणते, "ती बघ शेळी." असं दिवसातून शंभरदा झालं की मेंदूतल्या जोडण्या पक्क्या होतात. एकटीनं फुगडी होत नाही, तसंच हे आहे. समोरून कुणीतरी हात द्यावा लागतो. मोबाइल तो हात देत नाही. तो नुसता बोलत राहतो, बाळाचं ऐकत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलं की दोन वर्षांच्या आतल्या मुलाला पडदा दाखवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासाच्या वर नको.

आता एक लांबची गोष्ट सांगतो, जमैका नावाच्या देशातली. तिथल्या किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत १९८६-८७ साली १२९ लेकरं निवडली. सगळी नऊ महिने ते दोन वर्षांची, कुपोषणानं उंची खुंटलेली. त्यांचे चार गट केले. एका गटाला दुधाचा पूरक आहार दिला. दुसऱ्या गटाच्या घरी आरोग्य कार्यकर्ती आठवड्यातून एकदा तासभर जायची. घरातल्या टाकाऊ वस्तूंची खेळणी करायची आणि लेकराशी कसं खेळायचं, कसं बोलायचं ते आईला दाखवायची. तिसऱ्या गटाला दोन्ही मिळालं, चौथ्याला यातलं काहीच नाही. हे दोन वर्षं चाललं. ज्यांना आहार आणि खेळ दोन्ही मिळालं, त्यांची बुद्धीची वाढ त्या काळात सगळ्यांत चांगली झाली. वीस वर्षांनी त्याच पोरांना पुन्हा शोधून काढलं. ती कमावती झाली होती. ज्यांच्या आईला खेळणं-बोलणं दाखवलं होतं, त्यांची कमाई बाकीच्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त निघाली. त्या कार्यकर्तीनं ना पाटी नेली होती, ना एबीसीडी. तिच्या पिशवीत बाटल्या, डबे, चिंध्या होत्या.

हे आपल्याला नवं नाही. आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या दोघींनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पुढं १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली लोकांच्या मुलखात गेलं. परदेशातली बालशिक्षणाची साधनं महाग होती. त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे घेतले आणि त्यावरच मोजणं, लहान-मोठं, रंग, आकार शिकवले. पोरं शाळेत येईनात, तर शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथून आला. गुरं राखणारी पोरं अंगणातही येईनात, तर दोघी कुरणात गेल्या. तिला नाव पडलं कुरणशाळा. माणदेशात मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातल्या बाईला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. लेकरू जिथं आहे तिथं शिक्षण जाऊ शकतं, ते रानातही होतं.

सरकारनं २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी गावोगाव गेली. आता तुम्ही म्हणाल, "आमच्या अंगणवाडीत खाऊ मिळतो, शिकवणं कुठं होतं?" हा प्रश्न रास्त आहे. पण सेविकाताईंकडं बघा. वजन-उंची घ्यायची, आहार वाटायचा, गरोदर बायकांच्या घरी जायचं, लसीकरणाला माणसं बोलवायची, मोबाइलवर माहिती भरायची. यातून खेळ-गाण्याला वेळ किती उरणार? तमिळनाडूत यावर अभ्यास झाला. ६४० अंगणवाड्या घेतल्या. त्यातल्या निम्म्यांत फक्त शिकवण्यासाठी अर्धा दिवस एक जादा बाई पगारावर नेमली. दीड वर्षानं तिथली मुलं भाषेत आणि गणितात पुढं गेली. शिवाय खुंटलेल्या, कुपोषित मुलांचं प्रमाणही कमी झालं, कारण सेविकाताईंना आहार-आरोग्याकडं बघायला सवड मिळाली. अंगणवाडी त्या गावातलीच राहिली, शिकवायला हात तेवढा वाढला.

म्हणून नर्सरी असो की अंगणवाडी, पाटी बघून पारख करू नका. तीन वर्षांच्या पोराची बोटं पेन्सिल धरायला तयार नसतात. आधी ती पीठ मळू देत, माती कालवू देत, मणी ओवू देत. आत जाऊन बघा. पोरं बोलतात का? गोष्ट ऐकतात का? प्रश्न विचारतात का, की हाताची घडी घालून गप्प बसतात? बाई त्यांना कळणाऱ्या भाषेत बोलते का? घरची भाषा पक्की झाली की दुसरी भाषा तिच्या खांद्यावर उभी राहते. जिथं हे सगळं होतं ती जागा चांगली, मग तिथं फी असो वा नसो.

आता आपल्या हातात काय आहे ते सांगतो.

पहिलं, काम करता करता बोला. डाळिंबाची प्रतवारी चालली असेल तर लेकराला जवळ बसवा. "मोठं कुठलं, बारकं कुठलं, पाच मला दे." हेच गणित. भाकरी थापताना, शेळीला पाला टाकताना, पाणी भरताना जे करताय ते तोंडानं सांगत राहा. वेगळा वेळ काढायला नको. आई पहाटे मजुरीला जात असेल तर हे आजीला, आजोबांना सांगा. लेकराच्या बापालाही सांगा. गोष्ट सांगायला बाईमाणूसच लागतं असं कुठं आहे?

दुसरं, गटाची एक खेळण्यांची पेटी करा. चिंध्यांची बाहुली, रिकामे डबे, लाकडाचे गुळगुळीत ठोकळे, बैलपोळ्याची मातीची बैलं. आठवड्याला घरोघर फिरवा. एक सावधगिरी घ्या. तीन वर्षांच्या आतल्या पोराच्या हाती चिंचोके, शेंगदाणे, मणी, बारकी झाकणं देऊ नका. घशात अडकतात.

तिसरं, महिन्याच्या बैठकीत वसुली झाल्यावर दहा मिनिटं अंगणवाडीसाठी ठेवा आणि सेविकाताईंना बोलवा. अंगणवाडीसाठी बालशिक्षणाचा अभ्यासक्रम असतो. या महिन्यात त्यातलं काय घेतलं ते त्यांना विचारा. त्यांची अडचणही ऐकून घ्या. गटातली गोष्टीवेल्हाळ आजी आठवड्यातून एक दिवस गोष्ट सांगायला जाऊ शकते. पण रोज शिकवायला जादा बाई हवी असेल, तर ती पगारावर मागा. ग्रामसभेत ठराव मांडा. बाईचं काम फुकटात घ्यायची सवय गावाला आधीच फार आहे, त्यात आपण भर घालायची नाही.

चौथं, लेकरू दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडून बोलत नसेल, नावानं हाक मारली तरी वळून बघत नसेल, तर "बोलेल उशिरा, त्याचा बापही उशिराच बोलला" म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं. सेविकाताईंकडून तारीख विचारून घ्या आणि त्या दिवशी मजुरी बुडाली तरी लेकराला न्या. तारीख लांब असेल तर तोवर वाट न बघता आधीच दवाखान्यात दाखवा.

ऊसतोडीला जाणाऱ्या मैत्रिणींना एवढंच सांगणं, की मुक्काम बदलला तरी लेकराचा आहाराचा आणि शिक्षणाचा हक्क गावात राहत नाही, तो तुमच्याबरोबर येतो. ज्या गावात कोप पडेल तिथल्या अंगणवाडीत जाऊन नाव सांगा. दोघी-चौघींनी मिळून गेलात तर परत कोण पाठवणार?

मैत्रिणींनो, गटानं आपल्याला एक सवय लावली. थोडं थोडं, पण न चुकता टाकायचं. लेकराच्या बाबतीतही तेच आहे. आज रात्री जेवणं झाली की मोबाइल फळीवर ठेवा, लेकराला मांडीवर घ्या आणि विचारा, "आज काय काय बघितलंस?" मग ते जे सांगेल ते शेवटपर्यंत ऐका.